रोझेशिया, पथ्य आणि दिनचर्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चेहऱ्यावरची लाली हटत नाही, डॉक्टरांनी रोझेशिया सांगितलाय, आता खाण्यापिण्याचं काय करायचं, अशा आशयाचे प्रश्न फिरून फिरून येतात. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एखादा मुद्दा दुसरीकडे आला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. औषध कोणतं, किती आणि किती दिवस, हे मात्र तुमच्या त्वचारोगतज्ज्ञांनाच विचारा.

१. रोझेशिया म्हणजे नक्की काय? मुरुमंच ना ती?

नाही. हा चेहऱ्याच्या मधल्या भागाचा, म्हणजे गाल, नाक, हनुवटी आणि कपाळ यांचा, वर्षानुवर्षं चालणारा दाह आहे. बहुतेकांना तो तिशीनंतर सुरू होतो. आधी चेहरा अधूनमधून तापतो, लाल होतो आणि ओसरतो. पुढे लाली मुक्कामालाच राहते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि काहींना लाल पुटकुळ्या किंवा पू धरलेले फोड येतात. मुरुमांमध्ये ब्लॅकहेड्स आणि व्हाइटहेड्स असतात, रोझेशियात ते नसतात. काही जणांच्या, त्यातही पुरुषांच्या, नाकाची त्वचा जाड आणि ओबडधोबड होते. डोळ्यांचं वेगळं प्रकरण आहे, ते प्रश्न १४ मध्ये.

तो संसर्गजन्य नाही. अस्वच्छतेमुळेही होत नाही. उलट चेहरा घासूनपुसून लख्ख ठेवणाऱ्यांचाच जास्त चिडतो.

२. माझा रंग सावळा आहे. लाली तर दिसतच नाही, मग मला हा आजार कसा?

सावळ्या आणि गडद त्वचेवर लाली रंगात लपते, म्हणून निदान उशिरा होतं. अनेकांची कित्येक वर्षं मुरुमांची औषधं लावण्यात जातात. अशा वेळी डोळ्यांपेक्षा चेहऱ्याला काय जाणवतं त्यावर भर द्या. चेहरा अचानक तापतो का, क्रीम लावली की चुरचुरतं का, गालांवर जांभळट किंवा तपकिरी झाक येते का, आधी चालणारा साबण आता झोंबतो का? एक सोपी युक्ती म्हणजे चेहरा शांत असताना आणि तापलेला असताना, एकाच जागी, एकाच उजेडात फोटो काढायचे. दोन्ही शेजारी ठेवले की फरक दिसतो. तपासणीला जाताना ते फोटो घेऊन जा, कारण दवाखान्यात पोहोचेपर्यंत चेहरा हमखास शांत झालेला असतो.

३. आधी महिनाभर पथ्य करून बघते, नाही जमलं तर डॉक्टरकडे जाते. चालेल?

निदान झालेलं नसेल तर नाही. गालांवर लाली आणणारे आजार बरेच आहेत. ल्युपस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार, त्याची लालीही गालांवर आणि नाकावर पसरते, पण नाकाच्या बाजूने ओठांकडे उतरणाऱ्या घडीत बहुधा जात नाही. सोबत सांधेदुखी, ताप, तोंडात व्रण किंवा फार थकवा असेल तर लगेच दाखवा. भुवयांत आणि नाकाच्या कडेला तेलकट पापुद्रे सुटत असतील तर तो सेबोऱ्हिक डर्मेटायटिस असू शकतो, आणि तो रोझेशियाच्या जोडीनेही असतो. स्टिरॉइड क्रीममुळे येणारी लाली तर हुबेहूब अशीच दिसते (प्रश्न १६).

४. आहार बदलल्याने रोझेशिया कायमचा बरा होतो का?

होत नाही. तसं सांगून कोणी महागडा आहारतक्ता विकत असेल तर पाठ फिरवा.

पथ्याने भडके कमी होतात, सौम्य होतात आणि औषधाला वाव मिळतो. कारण या त्वचेची मूळ अडचण संवेदनशीलतेची आहे. तिच्या प्रतिकारयंत्रणेत कॅथेलिसिडिन नावाचं प्रथिन गरजेपेक्षा जास्त आणि वेगळ्या रूपात तयार होतं, त्यातून दाह होतो आणि रक्तवाहिन्या फुलतात. सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारे डेमोडेक्स हे सूक्ष्म किडे इथे संख्येने जास्त सापडतात. आणि मज्जातंतूंवरची ‘गरम आहे’ हे ओळखणारी दारं फार लवकर उघडतात. त्यांतलं टीआरपीव्ही१ नावाचं दार साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढच्या उष्णतेनेही उघडतं आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही. ते शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या नोबेलचे एक मानकरी आहेत. गरम घोट आणि तिखट घास शरीराच्या लेखी एकाच वाटेने जातात, हे लक्षात घेतलं की पथ्याचा बराचसा गोंधळ आपोआप मिटतो.

५. काय काय खायचं नाही, त्याची सरळ यादी द्या ना.

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि सरळ यादी आम्ही मुद्दाम देत नाही. लांबलचक याद्या वाचून लोक टोमॅटो, लिंबूवर्गीय फळं, चॉकलेट, चीज, दही, केळी, वांगी असं एकेक ताटातून काढत जातात. शेवटी ताट रिकामं आणि चेहरा तसाच. सगळ्यांना सगळं बाधत नाही. बहुतेकांचे खरे ट्रिगर, म्हणजे भडका उडवणाऱ्या गोष्टी, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात.

संशयितांचे गट मात्र सांगता येतात. पहिला गट वाफाळत्या पेयांचा आणि पदार्थांचा. दुसरा मिरचीचा. तिसरा दारूचा. चौथा दालचिनीचा, कारण तिच्यातलं सिनामाल्डिहाइड टीआरपीए१ हे तशाच प्रकारचं दुसरं दार उघडतं. पाचवा जास्त हिस्टामिन असलेल्या, म्हणजे खूप मुरवलेल्या आणि आंबवलेल्या पदार्थांचा. यातले पुरावे कमजोर आहेत, पण काहींना नक्की त्रास होतो. यांतलं तुमचं कोणतं, ते पुढच्या उत्तरातल्या पद्धतीने शोधा. तोवर काहीही कायमचं बंद करू नका.

६. माझे ट्रिगर मी कसे शोधू?

वही घाला. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल, पण त्याच दिवशी लिहा. आठवड्याने आठवून लिहिलेली नोंद काही कामाची नाही. वेळ, काय खाल्लं-प्यायलं, ते किती गरम होतं, कुठे होता, ऊन-वारा, मनःस्थिती, चेहऱ्याला काय लावलं आणि लाली दहापैकी किती, एवढं पुरे. पाळी येत असेल तर तारखाही टाका. उदाहरणार्थ:

*सकाळी ८. वाफाळता चहा, गॅसजवळ उभ्याने. ८.१५ ला गाल तापले, लाली ४. नऊपर्यंत ओसरली.*
*दुपारी १. तिखट जेवण, पंख्याखाली, पदार्थ कोमट. काही नाही.*
*संध्याकाळी ५. बसची वाट पाहत २० मिनिटं उन्हात. लाली ७, रात्री झोपेपर्यंत आग.*
*रात्री ९. तेच दुपारचं तिखट, पण कढत. लाली ५.*

असा दिवस गेलेला माणूस ठामपणे सांगेल की मला तिखट चालत नाही. नोंद वेगळंच सांगते. तेच तिखट दुपारी कोमट खाल्लं तेव्हा चाललं. रात्री भडका उडाला तेव्हा ते कढत होतं आणि चेहरा उन्हाने आधीच तापलेला होता. एका दिवसावरून निकाल द्यायचा नाही, पण शंका कुठे घ्यायची ते कळलं.

दोन ते चार आठवडे नुसतं लिहा, बदलू काही नका. मग सर्वांत दाट संशय असलेली एकच गोष्ट दोन-तीन आठवडे बंद ठेवा. फरक पडला तर ती पुन्हा सुरू करून पाहा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि योगायोगालाच ट्रिगर मानून बसतात. बंद केल्यावर शांत आणि सुरू केल्यावर भडका, असं एकाहून जास्त वेळा झालं तरच ती गोष्ट तुमच्या यादीत.

आणखी एक. चेहरा तापून लाल होणं काही मिनिटांत दिसतं, पण पुटकुळ्या सवडीने, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीसुद्धा उठतात. त्यामुळे आज उठलेल्या पुटकुळीचा दोष आजच्या जेवणावर टाकू नका.

वजन फार कमी असेल, मुलांचं वाढीचं वय असेल किंवा खाण्यासंबंधीचा मानसिक आजार होऊन गेला असेल, तर पदार्थ बंद करण्याचे प्रयोग आहारतज्ज्ञाशिवाय करू नयेत.

७. चहा-कॉफी सोडावी लागेल का?

बहुधा नाही, गार होऊ द्यावी लागेल. १९८१ मध्ये जोनाथन विल्किन यांनी रोझेशियाच्या रुग्णांवर याची साधी चाचणी घेतली होती. ६० अंशांची कॉफी प्यायल्यावर चेहरे लाल झाले, ६० अंशांचं नुसतं पाणी प्यायल्यावरही झाले. २२ अंशांच्या कॉफीने झाले नाहीत आणि नुसत्या कॅफिननेही नाहीत. दोष उष्णतेचा होता, कॅफिनचा नाही.

पुढे २०१८ मध्ये ‘जामा डर्मेटॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या ८२,७३७ महिलांची माहिती तपासलेला अभ्यास आला. रोज चार किंवा अधिक कप कॅफिनयुक्त कॉफी पिणाऱ्या महिलांमध्ये, महिन्याला एक कपही न पिणाऱ्यांच्या तुलनेत, रोझेशिया होण्याचं प्रमाण २३ टक्क्यांनी कमी दिसलं. यावरून कॉफी हे औषध ठरत नाही, पण ती घाबरून सोडण्याचंही कारण नाही. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर डोकं दुखतं, चिडचिड होते आणि त्या ताणाने चेहरा आणखी तापतो.

८. तिखटाशिवाय घास उतरत नाही. काही मधला मार्ग?

आहे. तिखट आणि कढत एकत्र घेऊ नका. जेवण कोमट होऊ द्या, मिरचीचं प्रमाण हळूहळू उतरवा आणि चव आंबट, सुगंधी किंवा भाजलेल्या चवीच्या मसाल्यांकडे न्या. काळी मिरी आणि आलंही काहींना बाधतं, ते वहीत तपासा. उन्हातून आल्या-आल्या किंवा व्यायाम करून लगेच तिखट खाणं टाळलं तरी बऱ्याच जणांचं भागतं.

९. दारू पीत नाही तरी लोक तसंच समजतात. आणि पिणाऱ्यांचं काय?

दारू न पिणाऱ्यांनाही रोझेशिया होतो, भरपूर होतो. लाल नाक म्हणजे दारुडा हा समज निव्वळ अन्याय आहे.

पिणाऱ्यांसाठी मात्र दारू हा खात्रीचा ट्रिगर म्हणायला हरकत नाही, कारण ती रक्तवाहिन्या फुलवते. रुग्ण बहुतेक वेळा रेड वाइनचं नाव घेतात. महिलांवरच्या एका मोठ्या अभ्यासात नव्याने रोझेशिया होण्याशी संबंध दिसला तो व्हाइट वाइन आणि कडक मद्यांचा. आजार होण्याचा धोका आणि असलेल्या आजाराचा भडका या दोन गोष्टी निराळ्या आहेत, म्हणून यात विरोधाभास नाही.

१०. दूध, गहू, साखर बंद केल्याने फायदा होतो म्हणतात.

साखर आणि दुधाबद्दलचं बरंचसं बोलणं मुरुमांवरच्या संशोधनातून उचललेलं आहे. रोझेशियाला ते जसंच्या तसं लागू होत नाही. गव्हातल्या ग्लुटेनचं थोडं वेगळं आहे. रोझेशियाच्या रुग्णांमध्ये सिलिअ‍ॅक हा ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार आणि आतड्यांचे दाहाचे आजार जास्त आढळल्याची निरीक्षणं आहेत. म्हणून सतत जुलाब, पोट फुगणं, वजन उतरणं किंवा रक्तक्षय असेल तर तपासणी करून घ्या. तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडला तर सिलिअ‍ॅकची रक्तचाचणी चुकीची नकारात्मक येऊ शकते. पोटाची काही तक्रार नसेल तर गहू सोडण्याला आधार नाही.

११. कोणत्या गोळ्या, पूरक जीवनसत्त्वं घेऊ?

रोझेशियासाठी म्हणून ठामपणे सांगावी अशी एकही नाही. टाळावी अशी मात्र एक आहे, नायॅसिन, म्हणजे बी३ चं निकोटिनिक आम्ल हे रूप. त्याच्या मोठ्या मात्रेने निरोगी माणसाचाही चेहरा लालबुंद होतो. बी३ चंच दुसरं रूप, नायॅसिनमाइड, तसं करत नाही. ते असलेली क्रीम अनेकांना मानवते. मल्टिव्हिटॅमिन किंवा ‘एनर्जी’च्या पुड्या घेत असाल तर लेबलवर कोणतं रूप लिहिलंय ते पाहा.

१२. जेवणाव्यतिरिक्त सर्वांत जास्त फरक कशाने पडतो?

उन्हाने. एकच गोष्ट करायची ताकद असेल तर जेवणाआधी ही करा.

एसपीएफ ३० किंवा जास्त, यूव्हीए-यूव्हीबी दोन्ही अडवणारं सनस्क्रीन, रोज, ढगाळ दिवशीसुद्धा. झोंबत असेल तर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवालं घ्या. पांढरा थर दिसत असेल तर रंगछटा असलेलं मिळतं, आणि त्याने लालीही झाकली जाते. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं; लोक याच्या निम्मंही लावत नाहीत. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. रुंद काठाची टोपी, छत्री आणि सावलीची बाजू ही तिन्ही साधनं कधीच झोंबत नाहीत.

चेहरा कोमट पाण्याने, सौम्य क्लेन्झरने, बोटांनी धुवा. स्क्रब, वाफ, अल्कोहोलवाला टोनर, लिंबाचा रस, व्हिनेगर, टूथपेस्ट हे सगळं बंद. पुसताना टिपून घ्या आणि थोडा वेळ कोरडा होऊ द्या. ओल्या चेहऱ्यावर औषध लावलं की जास्त चुरचुरतं. कोणतीही नवी वस्तू आधी काही दिवस जबड्याखाली लावून पाहा. दाढी करणाऱ्यांनी बोथट पातं आणि अल्कोहोलवालं आफ्टरशेव्ह टाळावं. बऱ्याच जणांना इलेक्ट्रिक रेझर सोपा जातो.

१३. व्यायाम केला की चेहरा टोमॅटो होतो. बंद करू का?

व्यायाम बंद करणं हा तोट्याचा सौदा आहे. तासाभराच्या सलग सत्राऐवजी दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करा. वेळ पहाटेची किंवा सूर्यास्तानंतरची ठेवा, पंखा तोंडावर असू द्या, मानेवर ओला गार टॉवेल ठेवा, मधूनमधून गार पाण्याचे घोट घ्या. बर्फ थेट गालावर घासू नका. डोकं खाली करून करायच्या आसनांनी लाली चढत असेल तर तेवढी वगळा. लाली अर्ध्या-पाऊण तासात ओसरत असेल तर निर्धास्त राहा. रात्रभर टिकत असेल तर तीव्रता कमी करा.

१४. उष्णता टाळा म्हणता आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी गरम शेक सांगितलाय. कोणाचं ऐकू?

दोघांचंही. रोझेशियात पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबतात. डोळे कोरडे पडतात, खुपतात, पापण्या सुजतात, रांजणवाड्या पुन्हा पुन्हा येतात. ते घट्ट झालेलं तेल पातळ करण्यासाठी शेक हवाच. स्वच्छ कापड कोमट पाण्यात पिळून, लहान घडी करून, फक्त मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटं ठेवा. गालांवर पसरू देऊ नका. हाताच्या आतल्या बाजूला सोसेल त्याहून गरम नको. नंतर पापण्यांची कड हलक्या हाताने पुसा.

डोळा दुखू लागला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसू लागलं तर शेकत बसू नका, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. बुबुळाच्या पारदर्शक पडद्याला इजा होऊ शकते. काहींचा चेहरा जवळजवळ साफ असतो आणि सगळा त्रास डोळ्यांतच असतो, हेही ध्यानात असू द्या.

१५. ताण घेऊ नका म्हणतात, पण चेहऱ्याचाच ताण येतो. त्याचं काय?

बरोबर आहे, ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला कोणाच्याच कामाचा नसतो. चारचौघांत चेहरा तापायला लागला की लोक बघतायत असं वाटतं, आणि त्या वाटण्याने तो आणखी तापतो. हे चक्र तोडायला लहान गोष्टी उपयोगी पडतात. बैठकीत पंख्याजवळची खुर्ची धरा, हाताशी गार पाणी ठेवा, श्वास सावकाश आणि लांब सोडा. विचारणाऱ्यांसाठी एक ठरलेलं वाक्य असू द्या, ‘त्वचेचा आजार आहे, दुखत नाही, दुसऱ्याला होत नाही.’ बाहेर जाणंच टाळू लागला असाल तर समुपदेशकाला भेटा. या आजारात नैराश्य आणि चिंता जास्त आढळते.

१६. एका क्रीमने लाली दोन दिवसांत जाते, पण सोडली की दुप्पट येते. असं का?

त्या क्रीममध्ये स्टिरॉइड असण्याची दाट शक्यता आहे. गोरं करणाऱ्या किंवा ‘सगळ्यावर चालणाऱ्या’ मिश्र क्रीममध्ये ते बऱ्याचदा असतं. लावलं की रक्तवाहिन्या आकसतात, सोडलं की उसळतात, आणि महिनोन्‌महिने वापरल्यास त्वचा पातळ होते. या अवस्थेत पथ्य जवळजवळ निरुपयोगी असतं, म्हणून ‘सगळं बंद केलं तरी फरक नाही’ म्हणणाऱ्यांना आम्ही पहिल्यांदा क्रीमचं नाव विचारतो. ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. सोडताना काही आठवडे त्रास वाढतो. तो काळ देखरेखीखाली काढायचा असतो. लाली तात्पुरती उतरवणाऱ्या ब्रिमोनिडिन जेलनेही काहींना अशी उलटी लाली येते, मात्र ते स्टिरॉइड नाही.

१७. रक्तदाबाची गोळी सुरू झाल्यापासून चेहरा जास्त तापतो.

शक्य आहे, रक्तवाहिन्या रुंदावणाऱ्या काही गोळ्यांनी, उदाहरणार्थ अ‍ॅम्लोडिपिनने, असं होतं. गोळी स्वतःहून थांबवू नका. नोंदवही दाखवा आणि पर्याय आहे का ते विचारा.

१८. पाळी जाण्याच्या वयात आहे. हा रोझेशिया की हॉट फ्लश?

दोन्ही एकत्र असू शकतात. हॉट फ्लशमध्ये उष्णता छाती-मानेपासून वर चढते, दरदरून घाम येतो आणि काही मिनिटांत सगळं ओसरतं. रोझेशियाची लाली चेहऱ्याच्या मध्यावर रेंगाळते. हॉट फ्लशने रोझेशिया उचल खातो, म्हणून खोली गार ठेवणं आणि सुती, सैल कपडे घालणं दोन्हींना उपयोगी. हॉट फ्लशवर उपचार घेतले की चेहराही निवळल्याचं काही जणी सांगतात.

१९. दिवस गेले आहेत. औषधं बंद करून फक्त पथ्यावर राहू का?

परस्पर ठरवू नका. आयसोट्रेटिनॉइन गर्भासाठी घातक आहे आणि डॉक्सिसायक्लिनही टाळतात, त्यामुळे ही चालू असतील तर आजच डॉक्टरांना कळवा. अ‍ॅझेलेइक आम्लासारखं लावायचं औषध या काळात सहसा चालतं. पथ्याच्या नावाखाली खाणं मात्र कमी करू नका. ऊन, उष्णता आणि चेहरा धुण्याची पद्धत एवढंच सांभाळा (प्रश्न १२).

२०. वर्षभर सगळं पाळलं, पुटकुळ्या गेल्या, पण गालांवरच्या लाल रेषा तशाच आहेत. अजून काय सोडू?

काहीच सोडू नका. त्या कायमच्या रुंदावलेल्या रक्तवाहिन्या आहेत. कोणतंही पथ्य किंवा मलम त्या बुजवत नाही. त्यांच्यावर पल्स्ड डाय लेझर किंवा आयपीएल (तीव्र प्रकाशाचे झोत) यांचा उपाय आहे. तो काही बैठकांत होतो, आणि काही वर्षांनी पुन्हा करावा लागू शकतो. गडद त्वचेवर डाग किंवा भाजण्याचा धोका असतो, म्हणून आधी लहानशा भागावर चाचणी करून घ्या आणि तशा त्वचेचा अनुभव असलेल्याकडेच जा. पुटकुळ्या गेल्या आहेत, तेव्हा आजवर बंद ठेवलेल्या पदार्थांपैकी जे प्रश्न ६ च्या कसोटीला उतरले नव्हते, ते एकेक करून ताटात परत आणायला हरकत नाही. सनस्क्रीन मात्र लेझरनंतरही रोज लागेल.